चारशे दहा पावलं

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, सकाळचे साडेसात. आकडा चारशे दहा पावलं. हजर माणसं पाच: आमचे वडील म्हणजे आप्पा, माझा थोरला भाऊ दत्तादादा, आमचा भाडेकरू विल्सन, मेंढरं घेऊन आलेली सगुणामावशी आणि मी. माझ्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत ही नोंद अजून आहे. चारशे दहा पावलं म्हणजे आमच्या खळ्यावर उभा राहून दादा गायला लागला की त्याचे शब्द जिथपर्यंत कळत होते तेवढं अंतर. एक पाऊल म्हणजे माझं पाऊल, दोन फूट दोन इंच. आप्पांचं पाऊल अडीच फुटांचं होतं, आणि कोणाच्या पावलांनी मोजायचं यावरून मोजणीआधी आमच्यात दहा मिनिटं वाद झाला होता.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि घरातल्या सगळ्या वह्या माझ्याकडे असायच्या. दुधाची, भाड्याची, मजुरांची. आज बावधनला माझ्या सोसायटीची मी खजिनदार आहे, त्यामुळे स्वभाव बदलला असं म्हणता येणार नाही. परवा मुलाने कानातले इअरफोन काढून मला विचारलं, "आई, मामा खरंच रॉक गायचा? कसा गायचा?" मला नीट सांगता येईना. चांगला गायचा, एवढंच म्हणाले. नंतर वाटलं, हे उत्तर अपुरं आहे. चांगला म्हणजे काय, हे आमच्या घरात एकदा मोजून पाहिलं होतं आणि ते मोजमाप माझ्याच हातून झालं होतं. तेव्हा ते लिहून ठेवावं.

आमचं घर उरवड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. पुढे खळं, मागे ओढा, ओढ्याच्या पलीकडे चढावर भैरोबाचं देऊळ. वाडवडिलांची जमीन भाताची. कंपन्या आल्यावर आप्पांनी गोठ्याला लागून तीन खोल्या काढल्या आणि कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. त्याआधी चुलत्यांच्या सल्ल्याने पोल्ट्री काढून पाहिली होती. कोंबड्या एका साथीत गेल्या, शेड उरली आणि वास उरला. त्या शेडमध्ये विल्सन आणि त्याचे दोन मित्र सुट्टीच्या दिवशी वाजवायचे. विल्सन नाशिक रोडचा, गिटार त्याच्याकडे. एक नागपूरचा पोरगा ड्रम वाजवायचा, एक ओडिशाचा पोरगा जाड तारांची गिटार. तो मराठी बोलायचा नाही, आणि तसा हिंदीही फारसा बोलायचा नाही. ड्रम सुरू झाला की आमच्या पत्र्याच्या डब्यांची झाकणं वाजायची. आई पावट्याची उसळ ढवळता ढवळता त्याच तालावर पळी आपटायची आणि हे तिला कळायचंही नाही. पहिल्या महिन्यात आप्पांनी तक्रार केली की या आवाजाने म्हैस दूध चोरते. मी वही काढून दाखवलं. दूध पाव लिटरने कमी झालं होतं हे खरं, पण ते ड्रम यायच्या आठ दिवस आधीपासून, वैरण बदलली तेव्हापासून. विल्सनने त्या दिवशी मला दोन रुपयांचं चॉकलेट दिलं.

त्यांचा गाणारा पोरगा बदली होऊन गुजरातला गेला आणि दादाचं नशीब उघडलं, निदान त्याला तसं वाटलं. दादा बारावी होऊन दोन वर्षं घरीच होता. त्याच्याकडे एक विलक्षण गोष्ट होती. कोणाचाही आवाज तो हुबेहूब काढायचा. आमच्या शाळेच्या हेडसरांचा, पिरंगुटच्या एसटी कंट्रोलरचा, आईच्या बहिणीचा. विल्सनच्या कॅसेटी ऐकून महिनाभरात त्याने तीन इंग्रजी गायक असे उचलले की शेडबाहेर उभं राहून ओळखता येऊ नये, टेप चाललाय की दादा गातोय. इंग्रजी त्याला कळत नव्हतं, पण प्रत्येक श्वास जागच्या जागी घ्यायचा. मला ते फार भारी वाटायचं. विल्सनला मात्र काहीतरी खटकायचं.

एकदा शेडच्या दाराशी चहा पिताना तो दादाला म्हणाला, "दत्ता, हे तिघं ऐकलेस ना? ह्यातला एकही सुरात धड नाही. एकाचा आवाज घोगरा, एक नाकात गातो, तिसऱ्याला वरचं पोचतच नाही, तो तिथे ओरडतो. पण अर्धा शब्द ऐकलास की तू नाव सांगतोस. बरोबर?"

"मंग? मी तिघंबी काढतोय की."

"तिघंही येतात तुला. चौथा कुठाय?"

"चौथ्याची कॅसेट कुटं दिलीस मला?" दादा म्हणाला. विल्सन हसला.

पुण्याच्या बाजूला एका कॉलेजच्या मैदानावर एका शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम होता. तिथे जमलं तर हिवाळाभर आणखी पाच-सहा ठिकाणी बोलावणं होतं. विल्सनला दादा हवा होता आणि दादाला जायचं होतं. पण आप्पांनी त्याच्यासाठी उरवड्याच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता आणि येत्या पहिल्या तारखेला त्याने कामावर हजर व्हायचं होतं. जेवताना विषय निघाला. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि मध्ये कंदिलासारखे तापलेले आप्पा.

"मला गान्यातलं कळत न्हाई," आप्पा म्हणाले. "मोजता येतंय असं कायतरी दाखव. आमचं चुलतं किसनतात्या भजनाला हितं खळ्यावर उभं ऱ्हायलं की भैरोबाच्या देवळात बसल्याला मानूस टाळी धरायचा. किती पावलं हायेत गं सुमे?"

"आठशे," मी म्हणाले. मी शाळेत असताना मोजली होती.

"आठशे पावलं जाऊ दे ह्याचा आवाज. मंग जा म्हनावं कुटं जायाचं तितं. न्हाईतर एक तारखेला डबा घेऊन गेटावर."

"माइक असतोय, आप्पा," दादा म्हणाला. "आवाज लांब न्यायचं काम माइकचं."

"माइक तर सरपंचाकडंबी हाय. त्याला गायला बोलावतंय का कुनी?"

 खरं सांगायचं तर मला आप्पांचं म्हणणं पटलं. गाणं चांगलं की वाईट यावर माणसं भांडतात, पावलांवर कोण भांडणार? म्हणून तो रविवार. दादा खळ्यावर उभा राहून एकच ओळ पुन्हा पुन्हा गायचा, मी ओढ्याकडे चालत जायचे, आणि शब्द कळेनासे झाले की थांबून ओढणी हलवायची. चारशे दहावर मी ओढणी हलवली. जेमतेम अर्धी वाट झाली होती.

सगुणामावशी तिथे होती कारण आदल्या दिवशीच तिची मेंढरं आमच्या रानात बसली होती. भात निघाला की आमच्याकडे धनगरांची मेंढरं रात्री शेतात बसवून घेतात, त्यांच्या लेंड्यांचं खत होतं. बोली झाली होती पंधरा रात्रींची, रात्रीला दोन पायल्या तांदूळ. मावशी आणि तिचा नवरा बिरामामा वर्षाआड यायचे. ती उंच, हाडकुळी, दातांना मिश्री लावलेली. आमची मोजणी ती तोंडाला पदर लावून बघत होती. मग तिला तिच्या कामाची आठवण झाली आणि ओढ्याकडे सरकलेल्या मेंढरांना तिने हाळी दिली. तो आवाज मला आजही लिहून सांगता येत नाही. गोड तर नव्हताच. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा, वर जाताना मध्येच तुटायचा आणि तुटलेलाच पुढे जायचा. तिने जोर लावल्यासारखंही दिसलं नाही. दीडशेच्या वर मेंढरं होती, सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. आणि भैरोबाच्या देवळात आदल्या दिवशीची फुलं काढत असलेल्या गुरवाने पायरीवर येऊन विचारलं, काय झालं म्हणून. आठशे पावलं.

आप्पा दादाकडे बघून म्हणाले, "हिला घेऊन जा म्हनावं त्या विल्सनला."

दादाला ते लागलं. दुपारी तो बाभळीमागे जाऊन उभा राहिला आणि त्याने मावशीची हाळी काढली. तुटायची ती जागासुद्धा बरोबर साधली. ओढ्यापलीकडे काट्या तोडत असलेला बिरामामा ओरडला, "आलो गं, आलो, दम धर." मी हसून खाली बसले. पण दादाचं लक्ष मामाकडे नव्हतं, मेंढरांकडे होतं. एकाही मेंढीने मान वर केली नव्हती. त्याने तीन वेळा करून पाहिलं. ती आपली चरतच होती.

मावशीने तंबाखू मळता मळता म्हटलं, "मामाला फशिवलंस, त्यात काय. त्याला तर कुनीबी फशिवतंय. मेंढरू न्हाई फसत, बाबा."

"का पन? तुझाच आवाज काढला की मी."

"म्हनून तर. माजा आवाज मी हितं बसल्यालीकडनं यायला पायजे ना? त्यास्नी ठावं हाय मी कुटं हाय ती."

दादाला हे पटलं नाही. त्याच्या डोक्यात आठशेच होते, आणि माझ्याही. सोमवारी पहाटे त्याने ओढ्यावर जाऊन ओरडायला सुरुवात केली. सोमवारी चारशे पंचावन्न. मंगळवारी पाचशे वीस. बुधवारी सहाशे दहा. मी वहीत आलेख काढला, त्यावर पट्टी ठेवून रेघ पुढे ओढली आणि दादाला सांगितलं, "असंच वाढत गेलं तर शुक्रवारी सातशे चाळीस आणि शनिवारी आठशे." माझी रेघ सरळ होती. या वयातही कुठे आलेखावर पट्टी ठेवून रेघ ओढलेली दिसली की मी पान उलटते. गुरुवारी पहाटे दादा ओढ्यावरून परत आला, आईला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली.

मी वहीत शून्य लिहिलं. ते लिहिताना मला रडू आलं हे वहीत नाही.

आईचा मार्गशीर्षातला गुरुवार होता. कलशाला पाच फळं मांडता मांडता ती उठली, गुळण्यांना पाणी ठेवलं, सुंठ-गूळ केला, ज्येष्ठमधाची काडी दिली. हळदीचं दूध दोनदा झालं. आप्पांनी कंपनीच्या गेटाचा पास कुठल्या फोटोवर मिळतो ते भाडेकरूंपैकी एकाला विचारलं. विल्सन शेडच्या दाराशी डोकं धरून बसला होता. मी त्याला आलेख दाखवला. त्याने तो पाहिला आणि विचारलं, "सुमन, हे तू काढलंस? हे नक्की काय मोजलंस?"

"लांबी."

"गाण्याची?"

मला राग आला होता, पण दोष माझा होता हेही कळत होतं. कार्यक्रम परवाच्या नव्हे, त्यापुढच्या शनिवारी होता. मध्ये नऊ दिवस.

उपाय सगुणामावशीने सांगितला, आणि तो औषधाचा नव्हता. ती म्हणाली, "गप बस आता. लई केकाटलायंस. आमचं कोकरू असं वरडाय लागलं की आमी त्याला आईपाशी सोडतो, तितं ते आपसूक गप ऱ्हातंय. तू मेंढरांमागं ये. बोलायचं न्हाई. मामाबी बोलत न्हाई, तुमचं जमंल." म्हणून दादा कांबळं घेऊन मेंढरांमागे गेला. सकाळी जायचा, दिवस मावळताना यायचा. मी भाकरी आणि कांदा बांधून न्यायचे आणि तिघांच्यात बसून खायचे. मेंढीच्या दुधाचा चहा आधी मला उग्र लागला, तिसऱ्या दिवशी आवडायला लागला. मला वाटायचं मावशी संध्याकाळी मेंढरं मोजत असेल, म्हणून मी मदतीला जायचे. ती मोजायचीच नाही. "मोजायचं कशाला? कोन न्हाई ती दिसतंय की," म्हणायची. मी गुपचूप मोजायचे. एकशे शहाऐंशी. रोज तेवढीच.

त्यात एक भुरी नावाची मेंढी होती, तिच्या खुरात काटा मोडला होता. तिला दादाच्या हवाली केलं. दोन दिवस तो तिला खांद्यावर टाकून हिंडला. चौथ्या दिवशी मावशीने त्याला थोडा आवाज काढायची परवानगी दिली, "पर गानं न्हाई. तिच्याशी काय बोलायचं ती बोल." दादा काटा काढताना तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा. घसा अजून बसलेला, त्यामुळे आवाज खालून यायचा, फाटका आणि ओला. कुठल्याच कॅसेटीत नसलेला. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही. मला वाटलं, बिचारा, अजून बरा झालेला नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी ओढ्यावर ती गोष्ट झाली. बिरामामा पौडच्या बाजाराला गेला होता. आप्पा ओढ्यावर डिझेल इंजिन लावून कांद्याच्या तरव्याला, म्हणजे रोपांच्या वाफ्यांना, पाणी देत होते. तेवढ्यात वरल्या अंगाने एक म्हातारा धनगर आपली मेंढरं घेऊन पाण्यावर उतरला आणि दोन्ही कळप एकमेकांत मिसळले. मी घाबरले. चारशेक मेंढरं, सगळ्यांच्या पाठी सारख्याच. मावशी आणि तो म्हातारा मात्र निवांत होते. तो पलीकडच्या काठाला जाऊन उभा राहिला, ती अलीकडच्या. काठी कोणीच उचलली नाही. आधी त्याने हाळी दिली, मग तिने, मग पुन्हा त्याने. आणि ती गर्दी मधून उसवत गेली, जशी शिवण उसवावी तशी. ज्याची त्याच्याकडे. पाव तासात ओढा मोकळा झाला आणि म्हातारा आपली मेंढरं घेऊन गाडीवाटेने वर निघाला.

मी मोजली. एकशे सत्त्याहत्तर. पुन्हा मोजली. मावशीला म्हणाले, "मावशी, नऊ कमी हायेत." तिने एकदा नजर फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. "भुरी न्हाई," ती म्हणाली. इंजिनाच्या बाजूला पाणी पीत असलेली नऊ मेंढरं, भुरी त्यांच्या पुढे, इंजिनाच्या धडधडीत मावशीची हाळी ऐकू न आल्यामुळे म्हाताऱ्याच्या कळपाच्या शेपटीला लागून वर चालली होती. म्हाताऱ्याला तरी मागचं काय दिसणार? मावशी खाली ओढ्यात, उरलेली सोडून जाता येईना. तिने दोनदा हाळी दिली. इंजिन मध्ये होतं. आप्पांनी बघितलं आणि ते इंजिन बंद करायला धावले, पण इंजिन लगेच बंद होईना.

दादा वरच्या बांधावर होता, त्यांच्या सगळ्यात जवळ. त्याने सवयीने केलं ते तेच, मावशीची हाळी काढली. आठव्या दिवशीच्या घशातून, तरी हुबेहूब. मेंढरं चालतच राहिली. पुन्हा काढली. चालतच राहिली. वळणावर पोचली होती, तिथून पुढे बाभळींचं दाट रान.  मग तो जे ओरडला ते त्या चार दिवसांत भुरीच्या कानाशी पुटपुटत होता तेच होतं, फक्त मोठ्याने. "अगं ए बयो, हय, इकडं ये." शब्द एवढेच. आवाज मध्येच दोन तुकडे झाला, आणि दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा जोरात गेला.  आप्पा इंजिनाच्या हँडलला हात लावून तसेच उभे राहिले.

भुरी थांबली. मान वळवली. मग ती पूर्ण वळली आणि लंगडत खाली आली, तिच्यामागून बाकीची आठ.

मी बांधापासून त्या वळणापर्यंत चालत गेले. साठ पावलं.

मावशी धापा टाकत वर आली. भुरीच्या पाठीवर तिने हात मारला, दादाच्या पाठीवर मारला आणि म्हणाली, "आता झाला तुला आवाज. ह्यो सांभाळ. ह्यो कुनाकडनं आनल्याला न्हाई."

शुक्रवारी सकाळी मात्र आप्पांनी मोजणी सोडली नाही. ते स्वतः जाऊन भैरोबाच्या पायरीवर बसले. दादा खळ्यावर उभा राहिला, आणि गाणं त्याने विल्सनच्याच कॅसेटीतलं धरलं, पण ते ओळखू येईना. मी चालत निघाले. दोनशेवर आवाज पातळ व्हायला लागला. दोनशे साठवर शब्द कळेनासे झाले. मी ओढणी हलवायच्या आधी क्षणभर थांबले, हे मला कबूल केलं पाहिजे. वही माझ्याकडे होती, पावलं माझी होती, देवळात बसलेल्या माणसाला दोनशे साठ आणि आठशेतला फरक माझ्याशिवाय कोण सांगणार होतं? पण मग ती वही कशाला ठेवायची? मी ओढणी हलवली.

आप्पा चढ उतरून आले. "किती?"

"दोनशे साठ."

दादाने खाली बघितलं. विल्सन गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता, तोही खाली बघायला लागला. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"आन् काल ती भुरी वळली, ती किती पावलांवर हुती?"

"साठ."

"तू मोजलंस?"

"दोनदा."

"मंग झालं की," आप्पा म्हणाले आणि घरात गेले. आतून त्यांचा आवाज आला, "शनवारी डबा काय देत्यात का त्या कालिजात, का हितनंच न्यायचाय?" दादाला कळायला थोडा वेळ लागला. ओडिशाचा पोरगा, जो वर्षभरात चार वाक्यं बोलला नव्हता, तो मराठीत म्हणाला, "जमला."

शनिवारी आम्ही टेम्पोतून गेलो. ड्रम, स्पीकरचे दोन खोके, आईने बांधलेली पुरणपोळी, आप्पा पुढे ड्रायव्हरशेजारी. कॉलेजच्या मैदानावर ऊन उतरत होतं. दादाच्या आधी दोन गट झाले, दोन्ही चांगले, आणि त्यांच्यातले गाणारे इंग्रजी दादापेक्षा कितीतरी बरं म्हणत होते. दादा उभा राहिला तेव्हा पहिल्या ओळीला तो थोडा चाचरला. दुसऱ्या ओळीपासून नाही. गाण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथे शब्द नसतात, तिथे त्याने माइक जरा लांब धरला आणि ती साठ पावलांची हाक दिली. मागे कँटीनजवळ समोसे खाणारी पोरं पुढे सरकली. मी सवयीने मैदानाच्या शेवटपर्यंत चालत गेले होते. पावलं मोजायची राहून गेली. खोक्यांमुळे आवाज सगळीकडे सारखाच येत होता, तेव्हा मोजून उपयोगही नव्हता.

आप्पा मफलर गुंडाळून कडेला उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "डोळं मिटून हुबा ऱ्हायलो हुतो. गर्दीतबी ओळखला असता मी ह्याला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "काय म्हनतोय ती कळत न्हाई, पन त्योच म्हनतोय एवढं कळतंय."

दादा सहा हिवाळे गायला. मोठं नाव झालं नाही. त्यांच्या गाण्यांची एक कॅसेट निघाली, तिच्या आमच्या दोघांच्या घरी मिळून सात प्रती आहेत. नंतर लग्न झालं, विल्सन परदेशी गेला, दादाने ट्रॅक्टर घेतला. आता तो नेऱ्याला राहतो आणि नातवाला हाक मारतो तेव्हा शेजारच्या टॉवरमधल्या बायका खिडकीत येतात. मुलाला मी पुढच्या वेळी हेच सांगणार आहे. मामाचा आवाज चांगला होता म्हणजे तो दोनशे साठ पावलं जायचा, आणि साठ पावलांवर एक मेंढी त्याच्यासाठी लंगडत मागे आली होती.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मेंढरं उठली. पंधरा रात्री भरल्या होत्या. खळ्यावर पोतं ओतलं, आप्पा पायलीने मापायला बसले, बिरामामा पोत्याचं तोंड धरून आणि मी वही घेऊन. तीस झाल्या. मी खाली रेघ मारली. आप्पांनी पायली पुन्हा भरली, वर शीग लावली आणि सगुणामावशीच्या ओच्यात ओतली.

"तीस झाल्यात की, आप्पा," मावशी म्हणाली. "मला मोजता येत न्हाई म्हनून फशिवताय व्हय?"

"जास्ती दिऊन फशिवत्यात व्हय कुनी?" आप्पा म्हणाले.

मी विचारलं, एकतिसाव्या पायलीपुढे कारण काय लिहू. तीस पायल्या मेंढरं बसवल्याच्या, ही कशाची? आप्पांनी पोत्याच्या तोंडाला सुतळी बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "तिच्या नावावर लिव्ह, बास."

तसंच लिहिलं. एकूण दिले एकतीस पायल्या तांदूळ, सगुणामावशीस. शेवटच्या पायलीपुढचा कारणाचा रकाना माझ्या वहीत तेवढा एकच कोरा आहे.